मातीचा सीटी स्कॅन: नमुना काढण्यापासून आकडा हाती येईपर्यंत

दोन शेतांतल्या मातीची घनता सारखी, सच्छिद्रताही सारखी. तरी एकात पाऊस पडला की तासाभरात पाणी मुरतं आणि दुसऱ्यात दिवसभर तळं साचून राहतं. प्रयोगशाळेतला घनतेचा आकडा मातीत पोकळी एकूण किती एवढंच सांगतो. ती पोकळी कुठे आहे, केवढाल्या छिद्रांत वाटलेली आहे, छिद्रं एकमेकांना जोडलेली आहेत की नाहीत, याबद्दल तो गप्प असतो. पाण्याचं सगळं नेमकं त्यावरच अवलंबून असतं. बारीक नळीतून वाहणाऱ्या पाण्याचं प्रमाण व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतं. कुजून गेलेल्या मुळाची १ मिलिमीटर व्यासाची एक वाट जेवढं पाणी खाली नेते, तेवढं न्यायला ०.१ मिलिमीटरची १०,००० छिद्रं लागतात, आणि त्या दहा हजारांनी व्यापलेली जागा त्या एका वाटेच्या शंभरपट असते.

ही आतली रचना पाहायची तर पूर्वी मातीत राळ मुरवून, ती कडक झाली की तिचे पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरावे लागत. आजही ते काम होतं आणि त्याची जागा सीटीने पूर्ण घेतलेली नाही. पण कापात दिसणारं गोल छिद्र खाली कुठे जातं हे काप सांगू शकत नाही. क्ष-किरण टोमोग्राफी, म्हणजेच सीटी, ते सांगते, तेही नमुना न फोडता.

हा लेख कृषी, भूशास्त्र किंवा स्थापत्य शाखेतल्या अशा विद्यार्थ्यांसाठी आहे, ज्यांना माती ठाऊक आहे पण सीटी यंत्र पहिल्यांदाच वापरायचं आहे. उदाहरण म्हणून आपल्याकडची भारी काळी जमीन धरली आहे: एक प्लॉट दरवर्षी नांगरलेला, शेजारचा शून्य मशागतीचा, आणि दोन्हींतल्या छिद्रांची तुलना करायची आहे. काळी माती मुद्दामच घेतली. या कामात ती सगळ्यात जास्त त्रास देते.

तत्त्व थोडक्यात

क्ष-किरण पदार्थातून जाताना क्षीण होतात. किती क्षीण होतात ते पदार्थाची घनता आणि त्यातल्या मूलद्रव्यांचे अणुक्रमांक यांवर ठरतं. हवेत ते जवळपास अडतच नाहीत, पाण्यात थोडे अडतात, क्वार्ट्झमध्ये किंवा चुनखडीच्या खड्यात बरेच, आणि लोहाच्या गाठीत भरपूर. नमुना थोडा थोडा फिरवत हजारो बाजूंनी छायाचित्रं घेतली की संगणक त्यांवरून आतल्या प्रत्येक बिंदूची क्षीणता काढतो. त्या त्रिमित बिंदूला व्हॉक्सेल म्हणतात आणि त्याची क्षीणता करड्या छटेच्या रूपात दिसते: हवा काळी, खनिज पांढुरकं.

गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर १९७१ मध्ये लंडनमधल्या एका रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला. १९७९ चं नोबेल त्यांना आणि ॲलन कॉरमॅक यांना मिळून दिलं गेलं. मातीवाल्यांनी फार वाट पाहिली नाही. १९८२ मध्ये सीटीने मातीची घनता मोजल्याचा शोधनिबंध आला आणि पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातून ओलाव्याची वाटणी मोजल्याचा. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठातलं मातीचे आणि मुळांचे स्कॅन करणारं केंद्र आज हाउन्सफील्ड यांच्याच नावाने चालतं.

रुग्णालयातल्या यंत्रात माणूस स्थिर असतो आणि क्ष-किरणांची नळी त्याच्याभोवती फिरते. छोट्या नमुन्यांसाठीच्या मायक्रो-सीटी यंत्रात उलट: क्ष-किरणांची नळी स्थिर, नमुना फिरतो. रुग्णालयाच्या यंत्रात साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचं दिसतं, मायक्रो-सीटीत काही मायक्रॉनपर्यंत.

पायरी १: आधी प्रश्न, मग नमुन्याच्या नळीचा व्यास

नवख्यांचा पहिला प्रश्न बहुधा असतो, “यंत्राचं रिझोल्यूशन किती?” खरं तर तो आकडा तुमच्या नमुन्याच्या जाडीवर ठरतो. किरण टिपणाऱ्या बऱ्याच डिटेक्टरवर एका ओळीत साधारण २,००० पिक्सेल असतात आणि नमुन्याची पूर्ण रुंदी त्यांत बसवावी लागते. म्हणून हिशेब सोपा आहे: व्यास भागिले २,०००. माती काढायची नळी बाहेरून ५५ मिलिमीटरची घेतली तर व्हॉक्सेल साधारण २७ मायक्रॉनचा. १० मिलिमीटरचं ढेकूळ घेतलं तर ५ मायक्रॉनचा.

पण व्हॉक्सेल २७ मायक्रॉनचा आहे म्हणून २७ मायक्रॉनचं छिद्र दिसेल असं नाही. ज्या व्हॉक्सेलमध्ये अर्धं छिद्र आणि अर्धी माती असते तो ना काळा दिसतो ना पांढरा, मधलीच छटा घेतो. भरवसा ठेवायचा तर छिद्र निदान दोन-तीन व्हॉक्सेल रुंद हवं, म्हणजे आपल्या नळीत ६० ते ८० मायक्रॉनच्या पुढचं. चिकणमातीच्या कणांमधली एका मायक्रॉनहून लहान छिद्रं, ज्यांत काळ्या जमिनीचा बहुतेक ओलावा साठलेला असतो, या यंत्राला दिसणारच नाहीत. ती पाहायची असतील तर तुमचा प्रश्नच वेगळा आहे आणि साधनही वेगळं लागेल.

दुसरं टोक असं, की नमुना फार लहान घेतला तर तो शेताबद्दल काही बोलत नाही. ढेकळाच्या आतली रचना बारकाईने दिसेल, पण दोन ढेकळांमधली फट, जिच्यातून पाणी खरोखर जातं, ती नमुन्यात आलेलीच नसेल. मशागतीची तुलना करायला ५ ते १० सेंटिमीटर व्यासाची नळी बरी. उन्हाळ्यात काळ्या रानात पडणाऱ्या, हात जाईल एवढ्या भेगा अभ्यासायच्या असतील तर तीही अपुरी. तिथे मोठा स्तंभ काढून रुग्णालयाच्या प्रकारच्या यंत्रात घालणं शहाणपणाचं.

पायरी २: नमुना

इथे घाई केली तर पुढचं कुठलंही सॉफ्टवेअर वाचवू शकत नाही. स्कॅनमध्ये मातीची जी रचना दिसते ती शेताचीही असू शकते आणि तुमच्या हातोड्याचीही, आणि दोन्ही सारख्याच सुबक दिसतात.

नळी कशाची? घनता मोजायला प्रयोगशाळेत ज्या पोलादी कड्या असतात त्या इथे बाद. पोलाद किरण अडवतं आणि चित्रभर रेघा उमटवतं. ॲक्रिलिक, पॉलिकार्बोनेट किंवा पातळ ॲल्युमिनियम उत्तम. पीव्हीसी स्वस्त आणि कुठेही मिळतं, पण त्यातल्या क्लोरीनमुळे ते ॲक्रिलिकपेक्षा बरेच जास्त किरण खातं. चालतं, एवढंच म्हणता येईल. काहीही घ्या, सगळ्या नमुन्यांना एकाच मापाची आणि एकाच पदार्थाची नळी असू द्या. खालची कड बाहेरच्या बाजूने तासून धारदार करा म्हणजे दाब बाहेरच्या मातीवर जातो, आतल्यावर नाही.

दिवस कोणता? वापसा आल्यावर. शेतकरी जेव्हा औत घालायला निघतो, साधारण तेव्हा. काळी माती त्याहून ओली असेल तर नळीच्या भिंतीला चोपडली जाते आणि कडेची छिद्रं बुजतात. वाळलेली असेल तर नळी आत जाताना ती फुटते आणि तुम्ही मोजता त्या भेगा तुम्हीच पाडलेल्या असतात. दोन्ही प्लॉटांतले नमुने एकाच ओलाव्याला घ्या, शक्यतो एकाच दिवशी.

नळी ठोकू नका. वर लाकडी ठोकळा ठेवून सावकाश, सरळ दाबा. दर दोन-तीन सेंटिमीटरला थांबा, नळीभोवतीची माती खुरप्याने काढून घ्या, मग पुढे. मधूनमधून नळीच्या आतल्या आणि बाहेरच्या मातीची पातळी ताडून पाहा. आतली पातळी खाली गेलेली दिसली तर माती दाबली गेली आहे. तो नमुना तिथेच टाकून द्या आणि हातभर अंतरावर पुन्हा सुरू करा. पूर्ण आत गेल्यावर नळी उपसून काढायची नाही, खालून खणून मातीसकट उचलायची. टोकाची जादा माती चाकूने सपाट कापण्याचा मोह होतो, पण ओलसर काळ्या मातीवर चाकू फिरला की पृष्ठभाग लिंपल्यासारखा होतो. टोकाने उकरत, तोडत तोडत काढा. ओबडधोबड राहिलं तरी हरकत नाही, वरचा-खालचा भाग विश्लेषणात वगळायचाच आहे.

दोन्ही तोंडांना टोपणं, त्यावर स्वयंपाकघरातली चिकटणारी प्लास्टिक फिल्म, आणि नळीवर पक्क्या शाईने प्लॉट, खोली, तारीख, वरची दिशा. संगणकात नळीवरची शाई दिसत नाही, म्हणून वरच्या टोकाला बाहेरून एक बारीक काचेचा मणी चिकटवून ठेवा. स्कॅन उलटा लागला आहे की सुलटा हे त्यावरून कळतं.

वाहतुकीत नळ्या उभ्या, फोममध्ये रुतवलेल्या. एसटीची मागची सीट त्यांनाही मानवत नाही. प्रयोगशाळेत ४ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवा, आणि त्यामागचं एक कारण पुस्तकात सहसा नसतं: नळीत एखादं जिवंत गांडूळ आलं असेल तर उबदार खोलीत ते आठवडाभर आपलं काम करत राहतं आणि तुम्हाला शून्य मशागतीच्या प्लॉटात अपेक्षेपेक्षा सुंदर बिळं सापडतात.

किती नमुने? प्रत्येक प्लॉटातून तीन-चार तरी, आणि प्लॉटांच्या पुनरावृत्ती जेवढ्या असतील त्या सगळ्यांतून. ही गोष्ट शेवटी पुन्हा आडवी येते.

पायरी ३: ओलावा एका पातळीवर आणणं

पाणी आणि सेंद्रिय पदार्थ यांच्या करड्या छटा जवळजवळ सारख्या असतात आणि दोन्ही मातीच्या छटेपासून फार दूर नसतात. पाण्याने भरलेलं छिद्र म्हणूनच ओळखायला अवघड, हवेने भरलेलं सोपं. त्यामुळे स्कॅनआधी मोठ्या छिद्रांतलं पाणी काढून टाकायचं, तेही सगळ्या नमुन्यांत सारख्याच प्रमाणात.

त्यासाठी नमुना खालून हळूहळू भिजवून वाळूच्या टेबलावर ठेवतात आणि ओल्या वाळूतून ठरावीक ओढ लावतात, म्हणजे नमुन्यातलं पाणी खाली खेचतात. केशाकर्षणाचा हिशेब असा: ओढ पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत सांगतात. ३,००० ला त्या सेंटिमीटरमधल्या उंचीने भागलं की कितव्या मायक्रॉनपर्यंतची छिद्रं रिकामी झाली ते मिळतं. १०० सेंटिमीटरची ओढ लावली तर ३० मायक्रॉनहून मोठी छिद्रं रिकामी. आपला व्हॉक्सेल २७ मायक्रॉनचा, म्हणजे जे दिसू शकतं ते सगळं हवेने भरलेलं आणि जे पाण्याने भरलेलं ते तसंही दिसण्यापलीकडचं. जोडी छान जमते. भिजवताना काळी माती फुगून नळीच्या वर येऊ पाहते, म्हणून वर जाळी आणि हलकं वजन ठेवा.

स्कॅनआधी नमुना ओव्हनमध्ये वाळवू नका. वालुकामय पोयट्याला ते कदाचित सोसेल. काळ्या मातीतलं स्मेक्टाइट खनिज पाणी गेलं की आकसतं आणि मातीत नव्या भेगा पडतात. भेगांचाच अभ्यास असेल तर वेगवेगळ्या ओलाव्यांना तोच नमुना पुन्हा पुन्हा स्कॅन करणं हा स्वतंत्र आणि फार सुरेख प्रयोग आहे. तो मुद्दाम करायचा, चुकून नाही.

ओढ स्थिर झाली की नमुन्याचं वजन करा आणि लिहून ठेवा. हा साधा आकडा पुढे तुमचा सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार ठरेल.

पायरी ४: यंत्र कुठे आणि कोणाच्या परवानगीने

मायक्रो-सीटी यंत्रं बहुतेकदा मातीच्या विभागात नसतात. पदार्थविज्ञान, यांत्रिकी, खनिज तेल, दंतवैद्यक अशा विभागांकडे विचारा. यंत्र सांभाळणाऱ्यांना मातीची धास्ती असते, आणि ती रास्त आहे. फिरत्या टेबलात रेतीचा एक कण गेला तर महागात पडतं. नळी दुहेरी फिल्ममध्ये गुंडाळून न्या आणि तसं आधीच सांगा, वेळ लवकर मिळते. एका मायक्रॉनच्या आसपासचं काम करायचं असेल तर सिंक्रोट्रॉनचा, म्हणजे अतिशय प्रखर क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या यंत्राचा, विचार होतो. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर प्रतिमा घेण्यासाठी वेगळी बीमलाइन (किरणांची वाट) आहे. तिथे नमुने छोटे लागतात.

भारतात क्ष-किरण उपकरणांवर अणुऊर्जा नियामक परिषदेचं नियंत्रण असतं आणि यंत्राची नोंदणी तिथे झालेली असावी लागते. बंद कपाटाची यंत्रं शिशाने मढवलेली असतात आणि दार उघडलं की त्याला जोडलेल्या कळीमुळे किरण आपोआप बंद होतात. ती कळ कधीही, कोणाच्याही सांगण्यावरून निकामी करायची नाही. संस्थेचा नियम असेल तर अंगावर पडणाऱ्या किरणांची मात्रा मोजणारा बिल्ला लावा.

पायरी ५: स्कॅन

क्ष-किरणांची नळी चालू करून तिला गरम होऊ द्या. यंत्रात नमुना नसताना किरण चालू असतानाचं आणि बंद असतानाचं चित्र घेऊन डिटेक्टरचं अंशांकन करा. हे दोन्ही यंत्रचालक करतीलच. तुम्ही ठरवायच्या गोष्टी तीन-चार आहेत.

व्होल्टेज: ५ सेंटिमीटर मातीसाठी साधारण १०० ते १६० किलोव्होल्ट. कमी ठेवलं तर पदार्थांमधला फरक ठळक दिसतो पण किरण पलीकडे पोचत नाहीत, जास्त ठेवलं तर पोचतात पण फरक पुसट होतो. नमुन्याच्या सर्वात जाड भागातून निदान १० ते २० टक्के किरण पार होतील एवढं बघा. कोकणातली जांभी माती लोहामुळे जास्त किरण खाते. तिला त्याच जाडीत अधिक व्होल्टेज लागेल किंवा नमुन्याची नळी बारीक करावी लागेल.

गाळणी: क्ष-किरणांच्या नळीसमोर ०.१ ते ०.५ मिलिमीटरचा तांब्याचा पत्रा. क्ष-किरणांच्या झोतात कमी आणि जास्त ऊर्जेचे किरण मिसळलेले असतात. कमी ऊर्जेचे बाहेरच्या थरातच अडकतात, आत पोचणारा झोत “कडक” झालेला असतो, आणि संगणकाला वाटतं की मधली माती कमी दाट आहे. चित्रात नमुन्याची कड उजळ आणि मधला भाग काळपट दिसतो. तांब्याचा पत्रा हे किरण आधीच गाळून टाकतो. राहिलेली कसर सॉफ्टवेअरमध्ये काढता येते, पण मुळात कमी असलेली बरी.

छायाचित्रांची संख्या: डिटेक्टरच्या रुंदीच्या साधारण दीडपट, म्हणजे २,००० पिक्सेलला ३,००० च्या आसपास. वेळ वाचवायला ही संख्या निम्मी केली तर बारीक छिद्रांच्या कडा रेघांनी भरतात.

आणि नमुना हलू द्यायचा नाही. नळी टेबलावर घट्ट बसवा, हे तर झालंच. काळी माती मात्र जागच्या जागीही हलते. तासाभराच्या स्कॅनमध्ये फिल्म सैल असेल तर नमुना वाळत जातो, भेगेची कड सरकते आणि चित्रात ती दुहेरी उमटते. शून्य अंशाचं आणि ३६० अंशांचं छायाचित्र एकावर एक ठेवून पाहा. ती जुळली नाहीत तर नमुना पुन्हा गुंडाळून स्कॅन पुन्हा करा. यंत्रासमोर असतानाच हे पाहायचं, घरी गेल्यावर नाही.

सगळ्यात पहिला स्कॅन मातीचा करूच नका. त्याच नळीत १ मिलिमीटरचे काचेचे मणी भरा. त्यांच्यातली पोकळी किती ते पाणी ओतून आधी मोजून ठेवा. सैल ओतलेल्या एकसारख्या मण्यांत ती बहुधा ३६ ते ४० टक्के भरते. मग स्कॅन करून, पुढच्या सगळ्या पायऱ्या करून तोच आकडा येतो का बघा. येत नसेल तर दोष तुमच्या पद्धतीत आहे, आणि तो मातीत शोधत बसण्यापेक्षा मण्यांत शोधणं कितीतरी सोपं.

पायरी ६: चित्र हातात आल्यावर

२,००० गुणिले २,००० गुणिले २,००० म्हणजे ८०० कोटी व्हॉक्सेल, १६-बिटमध्ये १६ गिगाबाइट. लॅपटॉपवर उघडायला जाऊ नका. शिकत असताना प्रत्येक दिशेने दोन-दोन व्हॉक्सेल एकत्र करा, आकार एक अष्टमांश, २ गिगाबाइटवर येतो. पद्धत बसली की पूर्ण चित्रावर तीच चालवा. सॉफ्टवेअर म्हणून फिजी पुरेसं आहे. ते मोफत आहे, आणि त्यात मातीच्या नळ्यांसाठीच लिहिलेलं सॉइलजे नावाचं प्लगइन चालतं. नळीची भिंत शोधणं, छटा जुळवणं, अशी कंटाळवाणी कामं ते करतं.

आधी नुसतं बघा. काप एकेक करून वरून खाली जा. मधोमध समकेंद्री वर्तुळं दिसली तर ती माती नव्हे, डिटेक्टरच्या बिघडलेल्या पिक्सेलची करामत. पांढऱ्याशुभ्र गाठीतून ताऱ्यासारख्या रेघा निघत असतील तर तिथे लोह आहे. नळीच्या भिंतीलगत काळी फट दिसली तर माती आकसली आहे किंवा काढताना सुटली आहे. ती फट छिद्रांत मोजली गेली तर निष्कर्षाचा बोऱ्या वाजला म्हणून समजा. म्हणूनच कडेचे काही मिलिमीटर आणि वरचा-खालचा भाग कापून फक्त मधला दंडगोल घ्यायचा.

मग छटा जुळवणं. एकाच यंत्रावर दोन दिवशी केलेल्या स्कॅनमध्ये हवेची छटा तीच येईल याची खात्री नाही. प्रत्येक चित्रात दोन ओळखीचे पदार्थ असतात: नळीबाहेरची हवा आणि नळीची भिंत. त्या दोघांच्या छटा सगळ्या नमुन्यांत सारख्या येतील असं चित्र ताणून घ्या. सगळ्या नळ्या एकाच पदार्थाच्या घ्यायला सांगितल्या त्या यासाठी. आणि एक सापळा: १६-बिटचं चित्र ८-बिटमध्ये बदलताना फिजी त्या क्षणी पडद्यावर जी छटांची मर्यादा असेल ती वापरतं. प्रत्येक नमुन्याला वेगळी मर्यादा लागली की तुलना तिथेच संपली, आणि कुठलीही चूक दाखवणारी खिडकी उघडत नाही. मर्यादा हाताने टाका, सगळ्यांना एकच.

नंतर गाळणं, म्हणजे चित्रातला खरखरीतपणा कमी करणं. त्रिमित मीडियन गाळणी साधी आहे, नॉन-लोकल मीन्स नावाची गाळणी कडा जास्त सांभाळते. दोन्ही बारीक छिद्रं थोडीफार खातातच.

पायरी ७: कुठली छटा छिद्र आणि कुठली माती

या कामातला सगळ्यात मोठा निर्णय हाच, आणि बहुतेक जण तो एका बटणावर सोपवतात. प्रत्येक व्हॉक्सेल छिद्र की माती हे ठरवण्यासाठी छटेची एक सीमारेषा लागते. तिला थ्रेशोल्ड म्हणतात. ती थोडी सरकली की सच्छिद्रतेचा आकडा बराच सरकतो, कारण बारीक छिद्रांचे असंख्य व्हॉक्सेल मधल्या छटेत अडकलेले असतात.

ओत्सू नावाची १९७९ मध्ये मांडलेली पद्धत सगळीकडे तयार मिळते. कोणत्या छटेचे किती व्हॉक्सेल आहेत हे दाखवणाऱ्या आलेखात दोन डोंगर दिसत असतील तर ती त्यांच्यामधली दरी चांगली शोधते. मातीत मात्र दिसणारी छिद्रं एकूण व्हॉक्सेलच्या पाच-सात टक्के असतात. एक डोंगर सह्याद्रीएवढा, दुसरा वारुळाएवढा. अशा वेळी ओत्सूची रेषा मोठ्या डोंगराच्या उतारावर चढते आणि माती छिद्र म्हणून मोजली जाते. उपाय बरेच आहेत: छिद्रांच्या कडांजवळचेच व्हॉक्सेल घेऊन आलेख काढणं, दोन रेषा घेऊन, नक्की छिद्र असलेल्या भागापासून संशयित भागात वाढत जाणं, किंवा इलास्टिकसारख्या मोफत साधनाला हाताने रंगवलेली उदाहरणं देऊन शिकवणं. शेवटचा उपाय आकर्षक आहे, पण तुम्ही रंगवताना केलेले पूर्वग्रह तो इमानाने शिकतो.

कुठलाही नियम घ्या, पण तो सगळ्या नमुन्यांना एकच हवा, आणि कोणता नमुना कुठल्या प्लॉटाचा हे माहीत नसताना लावलेला हवा. फाइलींना क्रमांक द्या, यादी सहकाऱ्याकडे ठेवा. मग रेषा थोडी खाली आणि थोडी वर सरकवून सगळं पुन्हा मोजा. नांगरलेला आणि न नांगरलेला यांतला फरक तिन्ही वेळा टिकला तर त्याला फरक म्हणा.

आता तो वजनाचा आकडा काढा. समजा नमुन्याची कोरडी घनता १.३ आणि कणांची घनता २.६५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. एकूण सच्छिद्रता १ वजा १.३ भागिले २.६५, म्हणजे ५१ टक्के. १०० सेंटिमीटरच्या ओढीला वजनावरून पाणी नमुन्याच्या आकारमानाच्या ४२ टक्के निघालं. मग हवेची छिद्रं ९ टक्के. सीटीने ७ टक्के दाखवली तर ठीक, उरलेली २ टक्के दिसण्याच्या मर्यादेखाली. सीटीने १४ टक्के दाखवली तर रेषा चुकली आहे, मग पडद्यावरचं चित्र कितीही देखणं दिसो. “सच्छिद्रता ५१ टक्के असताना सीटीत ७च का?” असं परीक्षकाने विचारलं तर उत्तरही याच हिशेबात आहे.

पायरी ८: काय मोजायचं

दिसणारी सच्छिद्रता हा पहिला आकडा. खोलीनुसार तो काढला तर नांगराखालचा कठीण थर आलेखात खळग्यासारखा उमटतो. छिद्रांची जाडी फिजीतल्या लोकल थिकनेसने मिळते. प्रत्येक ठिकाणी आत बसेल असा सगळ्यात मोठा गोल कल्पून ती काढलेली असते.

जोडणी हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आकडा, आणि तोच अनेक प्रबंधांत नसतो. छिद्रांतले कुठलेही दोन व्हॉक्सेल निवडले तर ते एकाच सलग छिद्रसमूहात असण्याची शक्यता किती, हे शून्य ते एक या मोजपट्टीवर सांगता येतं. सच्छिद्रता सारखी असूनही एका नमुन्यात ती ०.९ आणि दुसऱ्यात ०.१ असू शकते. जोडीला एक साधा प्रश्न: वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत सलग वाट आहे का, आणि असेल तर तिची सगळ्यात अरुंद जागा किती? लेखाच्या सुरुवातीचा चौथा घात आठवा. पाणी त्या अरुंद जागेच्या तालावर चालतं. ऑयलर संख्या हे आणखी एक माप आहे. सुटे तुकडे जास्त असतील तर ती धन, बोगद्यांचं जाळं दाट असेल तर ऋण.

मुळं वेगळी काढणं हे स्वतंत्र दुखणं आहे, कारण त्यांची छटा पाण्यासारखीच. नॉटिंगहॅम आणि जर्मनीतल्या हाले इथल्या संशोधकांनी त्यासाठी खास सॉफ्टवेअर लिहिली आहेत. पहिल्याच प्रकल्पात त्या वाटेला जाऊ नका.

संख्याशास्त्राबद्दल एकच गोष्ट. एका नळीतून २,००० काप निघतात, म्हणून तुमच्याकडे २,००० निरीक्षणं आहेत असं होत नाही. ते एकाच नळीचे काप आहेत, आणि एका प्लॉटातल्या चार नळ्याही एकाच प्लॉटाच्या. मशागतीची तुलना करायची तर पुनरावृत्ती प्लॉटांची मोजली जाते.

स्कॅननंतर नमुना फेकू नका

क्ष-किरणांनी माती किरणोत्सारी होत नाही, नमुना हाताळायला पूर्वीइतकाच सुरक्षित असतो. त्याच नळीवर पुढची मोजमापं करता येतात, फक्त क्रम सांभाळा. आधी स्कॅन, मग पूर्ण भिजवून पाणी वाहण्याचा वेग, आणि शेवटी १०५ अंश सेल्सिअसला वाळवून कोरडं वजन. भिजवल्यावर काळी माती पुन्हा फुगते आणि स्कॅनमध्ये दिसलेल्या काही भेगा मिटतात, त्यामुळे मोजलेला वेग चित्रावरून बांधलेल्या अंदाजापेक्षा कमी आला तर दचकू नका. भिजलेल्या अवस्थेत आणखी एक स्कॅन मिळाला तर कोणत्या भेगा मिटल्या आणि गांडुळांची कोणती बिळं उघडी राहिली हे थेट मोजता येतं. यंत्रचालकाकडे वेळ मागताना या दुसऱ्या स्कॅनचा तास आधीच धरून ठेवा.